पीचच्या फांद्यांचं गर्डलिंग: माझा अनुभव

लवकर पिकणाऱ्या पीचच्या जातींचं एक कायमचं दुखणं असतं. फुलापासून तोडणीपर्यंत फळाला वेळच कमी मिळतो, त्यामुळे ते लहान राहतं. वेळेवर विरळणी करून, दोन फळांत साधारण १५ सेंमी अंतर ठेवूनही माझ्या झाडांवरचं फळ मनासारखं भरत नव्हतं. खत वाढवलं की नुसता पालाच माजायचा. तेव्हा गर्डलिंग करायचं ठरवलं. फांदीभोवतीच्या सालीची एक अरुंद पट्टी गोल काढून टाकायची, काम एवढंच. पण चांगल्या, फळांनी लगडलेल्या झाडाची साल सोलायची म्हटली की हात कचरतो, आणि तो कचरावाच असं माझं मत आहे.

सालीच्या आत काय चालतं ते आधी नीट समजून घेतलं. मुळांकडचं पाणी वर चढतं ते लाकडातल्या जलवाहिन्यांमधून. पानांनी तयार केलेली साखर खाली जाते ती सालीतल्या रसवाहिन्यांमधून. फक्त साल काढली तर पाणी येत राहतं, साखर मात्र कापाच्या वर अडते आणि फळांच्या वाट्याला येते. सतराव्या शतकात इटलीच्या मार्सेलो माल्पिगी यांनी असंच सालीचं कडं काढून पाहिलं होतं आणि कापाच्या वरचा भाग फुगतो हे नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे फळाला मिळणारा हा जादा घास मुळांच्या तोंडचा असतो. जखम भरून येईपर्यंत त्या फांदीकडून मुळांना काही पोचत नाही.

म्हणून खोडाला सुरी लावायची नाही, हे पक्कं केलं. चार मुख्य फांद्या असतील तर दोघींनाच काप द्यायचा. उरलेल्या दोन मुळांना पोसतात. कोवळी झाडं सोडली, पाण्याचा ताण बसलेली सोडली, आधीच डिंक गाळणारी तर दुरूनच सोडली. जर्दाळू आणि प्लमच्या वाटेला गेलो नाही. जखमेतून डिंक वाहायला लागला की ती भरून येणं अवघड होतं, आणि तो धोका मला पत्करायचा नव्हता.

सगळ्यात जास्त विचार वेळेचा करावा लागला. पीचचं फळ एका वेगानं वाढत नाही. सुरुवातीला झपाट्यानं वाढतं, मग मंदावतं आणि त्या काळात आतली आठळी कडक होते, त्यानंतर पुन्हा जोमानं फुगतं. आठळी कडक होण्याआधी किंवा होत असताना काप दिला तर फळ अवेळी फुगतं आणि आठळी आतल्या आत फुटते. अशा फळाला देठाजवळ फट पडते. तिथून किडे शिरतात, बुरशी धरते. म्हणून मी अधूनमधून दोन-चार फळं तोडून टोकाकडून सुरीनं कापून बघत होतो. आधी पातं लोण्यातून जावं तसं आरपार जायचं. मग एके दिवशी ते आत अडलं. तिथून थोडं थांबलो, आणि तोडणीला अंदाजे चार ते सहा आठवडे असताना काम काढलं.

सुरी दोन समांतर पात्यांची घेतली. पात्यांमधलं अंतर जेमतेम ४ मिमी. पट्टी याहून रुंद झाली तर जखम सांधत नाही आणि मुळांची उपासमार लांबते. प्रत्येक झाडानंतर पाती स्पिरिटनं पुसून घेत होतो. फांदीचा गुळगुळीत, गाठी नसलेला भाग निवडायचा, पातं साल संपून लाकूड लागेपर्यंतच दाबायचं आणि गोल फिरवत आणायचं. त्या दिवसांत झाडात रस खेळता असतो, त्यामुळे टोक उचललं की पट्टी ओल्या रिबिनीसारखी सुटून येते. खालचं लाकूड दुधट पांढरं, ओलसर, बोटाला बुळबुळीत लागतं. ते खरवडायचं नाही. मात्र सालीचा एखादा धागा मागे राहिला का, हे फांदीच्या पाठीमागे हात घालून तपासायचं, कारण तेवढ्या पुलावरूनही साखर खाली निसटते.

त्यानंतर पाणी चुकू दिलं नाही. थोड्या दिवसांत वरच्या कडेला फिकट हिरवट-पांढरी गादी धरायला लागली आणि ती खाली सरकत गेली. खालची कड मात्र जवळपास जागची हलली नाही. अन्न वर साठतं हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मी फळांपेक्षा जास्त त्या कापांकडेच बघत होतो. फांदीची पानं पिवळट किंवा लालसर पडू लागली तर काप भरत नाही असं समजावं. खोडकिडीची मादी ताज्या जखमेकडे येते, म्हणून भुसा किंवा डिंकाची गोळी दिसते का, तेही बघत होतो. तोडणीच्या सुमारास बहुतेक काप मिटले होते.

फरक दिसला तो एकाच झाडावर. काप दिलेल्या फांदीचं फळ आधी रंगलं, हाताला भरीव लागलं आणि जास्त गोड निघालं. शेजारच्या फांदीचं अजून हिरवट होतं. त्यामुळे तोडणी दोन टप्प्यांत विभागली गेली, आणि मला हा फायदा आकाराइतकाच मोलाचा वाटतो. काही फळांच्या आठळ्या फुटलेल्या निघाल्या. अशी फळं सगळ्यात आधी रंगतात आणि मोठी दिसतात, त्यामुळे पहिल्या तोड्यात देठाची बाजू बघूनच फळ टोपलीत टाकायचं.

विरळणी न करता गर्डलिंगच्या भरवशावर राहणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. अडवलेली साखर शेवटी तेवढ्याच फळांत वाटली जाते, फळं जास्त असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते. पुढच्या हंगामात काप दिलेल्या फांद्यांना विश्रांती देऊन दुसऱ्या फांद्या घेणार आहे. त्या पुढे पुन्हा पहिल्यांवर आलो तरी जुन्या वणावर सुरी ठेवायची नाही, चार बोटं वर किंवा खाली सरकून नवी जागा घ्यायची.