तुम्ही विचारलंत म्हणून: चार की सहा?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात शिकायला येणारी मराठी मुलं इथे लॉरेन्समध्ये जरा स्थिरावली की विद्यापीठाचं बास्केटबॉलचं मैदान, अ‍ॅलन फील्डहाउस, बघून येतात आणि मग मला हमखास विचारतात, "काका, वर तर सहा चॅम्पियनशिपचे बॅनर टांगलेत. मग सगळीकडे चारच का लिहिलेलं असतं? नक्की किती जिंकल्या?" पुण्याहून येणारे पाहुणेही हेच विचारतात. कॅन्ससच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमचा विषय निघाला की माझी गाडी थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं उत्तर चार. 1952, 1988, 2008 आणि 2022. सहा म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही, पण मग सात म्हणा. तो सातवा सीझन कुठला, हे सांगायला मला पार सुरुवातीपासून यावं लागेल.

डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथनं हा खेळ तयार केला. (आपल्याकडे नागपाड्याच्या पोरांनी बास्केटबॉल गाजवला, त्याही गोष्टीत वायएमसीए आहेच.) 1898 मध्ये नेस्मिथ कॅन्ससला आला आणि इथला पहिला कोच झाला. पहिला सामना फेब्रुवारी 1899 मध्ये, कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी. हरले, 5-16. नेस्मिथच्या नावावर इथे 55 विजय आणि 60 पराभव आहेत. सव्वाशे वर्षांत जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला कॅन्ससचा कोच एकच, आणि तो खुद्द खेळ निर्माण करणारा. त्यानं टाइप करून घेतलेले मूळ तेरा नियम फील्डहाउसला लागूनच असलेल्या इमारतीत काचेमागे ठेवलेत. पिवळी पडलेली दोनच पानं. एका माजी विद्यार्थ्यानं ती 2010 च्या लिलावात 43 लाख डॉलरना घेतली, ती इथे यावीत म्हणूनच. बॅनर बघायच्या आधी ती पानं बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

नेस्मिथच्या हाताखाली खेळलेला फॉग अ‍ॅलन पुढे कोच झाला, आणि वादाचे दोन बॅनर त्याच्याच काळातले आहेत. 1922 ची टीम 18 पैकी 16 जिंकली, 1923 ची 18 पैकी 17. फार चांगल्या टीम होत्या, यात शंका नाही. पण देशभरातल्या कॉलेजांची बाद फेरीची स्पर्धा, जी दर मार्चमध्ये असते, ती तेव्हा नव्हतीच, ती 1939 मध्ये सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या हेल्म्स फाउंडेशन या क्रीडा संस्थेनं पुष्कळ वर्षांनी मागे वळून जुन्या सीझनांचे चॅम्पियन ठरवले, त्यात कॅन्ससची ही दोन वर्षं आली. म्हणजे कागदावर निवड झाली, बाद फेरीत कुणाला हरवलं नाही. मी ती धरत नाही.

1952 ची धरतो, कारण ती खेळून मिळवलेली आहे. सिअ‍ॅटलला सेंट जॉन्सला 80-63 असं हरवलं. क्लाइड लव्हलेट त्या टीमचा कणा होता. त्या उन्हाळ्यात हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात कॅन्ससचे सात जण होते. आणि कॅन्ससच्या टीमच्या राखीव खेळाडूंत डीन स्मिथ नावाचा एक मुलगा होता, जो पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा थोर कोच झाला. नॉर्थ कॅरोलायना हे नाव लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी फायनलला इंडियानाकडून हरले, 68-69. एका पॉइंटनं.

एका पॉइंटचं खरं दुखणं 1957 चं. इथे मी जरा रेंगाळणार.

सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन फिलाडेल्फियाहून कॅन्ससला आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य टीममधून खेळता येत नसे, म्हणून तो एक वर्ष थांबला, आणि पहिल्याच सामन्यात नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 52 पॉइंट आणि 31 रिबाउंड (म्हणजे नेम चुकून परत आलेले बॉल) घेतले. याच विद्यापीठात जॉन मॅक्लेंडन हा विद्यार्थी विसेक वर्षांपूर्वी खुद्द नेस्मिथकडून खेळ शिकला होता, पण कृष्णवर्णीय म्हणून त्याला टीमची दारं बंद होती. पुढे तो मोठा कोच झाला. कॅन्ससचा इतिहास सांगताना हे वगळून पुढे जाऊ नये, असं मला वाटतं.

तर फायनल, 23 मार्च 1957, कॅन्सस सिटीत. म्हणजे जवळजवळ घरच्याच अंगणात. समोर एकही सामना न हरलेली नॉर्थ कॅरोलायना, आदल्या रात्री सेमीफायनलमध्ये तीन ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी सोडवायचे जादा डाव, खेळून दमलेली. सामना सुरू करताना पंच बॉल वर फेकतो, त्या उडीला त्यांच्या कोचनं विल्टसमोर टॉमी कर्न्सला उभं केलं, सहा फूटही उंची नसलेल्या पोराला. बॉल मिळणार नव्हताच, पण विल्टला आणि बघणाऱ्यांना गोंधळात टाकायचं होतं. मग त्याच्या पुढेमागे दोघं-तिघं उभे राहून त्याच्यापर्यंत बॉलच जाऊ देईनात. ठरावीक सेकंदांत बॉल मारलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता, त्यामुळे दोन्ही टीम बॉल धरून बसायच्या. वेळ संपली तेव्हा 46-46. पहिल्या ओव्हरटाइममध्ये दोघांचे दोन-दोन पॉइंट. दुसऱ्यात शून्य, कुणाचाही एकही नाही. तिसऱ्यात सहा सेकंद उरले असताना जो क्विगचे दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फेक) पडले आणि कॅन्सस 53-54 हरलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड मात्र हरलेल्या विल्टची झाली.

आणखी एक सीझन खेळून तो गेला. जानेवारी 1998 मध्ये त्याची 13 नंबरची जर्सी वर टांगायच्या समारंभाला तो आला, अंगात कॉलेजचं जुनं जाकीट घालून. चाळीस वर्षांपूर्वीचा तो एक पॉइंट आपल्याला किती लागला, आपण विद्यापीठाची निराशा केली असं कसं वाटत राहिलं, हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या वर्षी तो वारला. चॅम्पियनशिपच्या यादीत 1957 नाही, पण हा सीझन माहीत नसेल तर कॅन्सस माहीत नाही असंच मी म्हणेन.

मधली तीसेक वर्षं भराभर उलटतो. 1971, 1974 आणि 1986 ला शेवटच्या चारात पोचले, पुढे गेले नाहीत. 1988 ला मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना जिंकले. अकरा सामने हरलेली टीम, आणि डॅनी मॅनिंग. फायनलला ओक्लाहोमाविरुद्ध त्यानं 31 पॉइंट आणि 18 रिबाउंड घेतले, 83-79. त्यानंतर कोच लॅरी ब्राउन सोडून गेला, नियमभंगाची शिक्षा झाली आणि चॅम्पियन असून पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरताच आलं नाही. रॉय विल्यम्सनं 15 वर्षांत 418 विजय मिळवले, पण 1991 आणि 2003 च्या दोन्ही फायनल हरला आणि नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेला. इथल्या लोकांना ते फार लागलं. त्याच्या जागी बिल सेल्फ आला.

2008 मध्ये मेम्फिसविरुद्ध दोन मिनिटं बारा सेकंद उरलेले आणि कॅन्सस नऊ पॉइंटनी मागे. मेम्फिसचे फ्री थ्रो चुकत गेले. शेवटी शेरॉन कॉलिन्स तोल सावरत बॉल घेऊन आला, मारिओ चाल्मर्सकडे दिला, आणि 2.1 सेकंद उरले असताना त्याचा तीन पॉइंटचा बॉल पडला. 63-63. ओव्हरटाइममध्ये 75-68.

पुढे 2018. सेमीफायनलला व्हिलानोव्हाकडून सपाटून हरलो, तरी शेवटच्या चारात होतो. ऑक्टोबर 2023 मध्ये, एका खेळाडूच्या पात्रतेच्या प्रकरणात त्या सीझनचे 15 विजय नोंदीतून काढले गेले आणि शेवटच्या चारात पोचल्याची नोंदही पुसली गेली. निर्णय नियमाप्रमाणे झाला असेल. पण ते सामने खेळले गेले होते आणि आम्ही ते पाहिले होते.

आता तो सातवा. 2019-20. सुरुवातीला ड्यूककडून दोन पॉइंटनी हार, डिसेंबरमध्ये व्हिलानोव्हाकडून एकानं, जानेवारीत घरच्या मैदानावर बेलरकडून बारानं. तिथून पुढे सलग 16 विजय. फेब्रुवारीत बेलरच्या घरी जाऊन त्यांना 64-61 हरवलं, त्यात उडोका अझुबुइकेचे 23 पॉइंट आणि 19 रिबाउंड. नायजेरियातून पोरवयात आलेला हा धिप्पाड मुलगा. फ्री थ्रोसाठी उभा राहिला की आम्ही श्वास रोखून धरायचो. घरच्या शेवटच्या सामन्यात त्यानं 31 पॉइंट केले. सोबत डेव्हॉन डॉटसनचा वेग, आणि बचावात त्या वर्षी देशात सर्वोत्तम ठरलेला मार्कस गॅरेट. त्या दिवशी फील्डहाउसमध्ये "रॉक चॉक, जेहॉक, केयू" ही आरोळी सुरू झाली (जेहॉक हे टीमचं टोपणनाव, केयू म्हणजे विद्यापीठ). ती विजय नक्की झाल्यावरच द्यायची असते, अगदी संथ, लांबवत, सोळा हजार गळ्यांतून एकदम. घोषणा देणारी गर्दी पुष्कळ ऐकली असेल, पण ही जवळजवळ आरतीसारखी चढत जाते.

31 सामने, 28 विजय, देशात पहिला नंबर. 12 मार्च 2020 ला कोरोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. पराभव नाही, विजय नाही, सीझनला शेवटच नाही.

हेल्म्सच्या पद्धतीनं, म्हणजे स्पर्धेविना, नुसत्या खेळावरून चॅम्पियन ठरवायचा तर 2020 चा हक्क 1922 पेक्षा तसूभरही कमी नाही. मग सहा कसे? सातच. आणि 2020 चा चॅम्पियनशिपचा बॅनर नाही, हे मला योग्यच वाटतं. ती टीम मी पाहिलेली सर्वांत चांगली कॅन्सस टीम आहे, तरीही. मार्चमध्ये एक हार म्हणजे घरी परत, या कसोटीतून ती गेली नाही. ज्यांना जाता आलं त्यांच्या रांगेत तिला बसवलं तर 1957 च्या पोरांवर अन्याय होईल, कारण ती गेली होती आणि एका पॉइंटनं राहिली.

ओचाय अग्बाजी, डेव्हिड मकॉर्मॅक आणि ख्रिश्चन ब्राउन हे तिघं 2020 च्या टीममधलेच. 2022 च्या फायनलला ते न्यू ऑर्लिन्सला उतरले तेव्हा समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायना होती. हाफला 25-40 असे मागे. हाफला एवढं मागे असून फायनल तोवर कुणी जिंकली नव्हती. 72-69 जिंकले, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला अग्बाजी. अझुबुइके, डॉटसन आणि गॅरेट तोवर कॉलेज सोडून गेले होते.