जीन्स चालते का? तुम्ही विचारलंत म्हणून

भरतीचा निकाल लागला, नेमणुकीचं पत्र हातात आलं की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच: ‘सोमवारी रुजू व्हायचंय, कपडे काय घेऊ? जीन्स चालते का?’ नेमणूक ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात असो, पाचपाखाडीला महापालिकेत असो की बेलापूरच्या कोकण भवनात, विचारणं तेच. म्हणून एकदा सविस्तर उत्तर.

जीन्स शक्यतो घेऊ नका. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी सामान्य प्रशासन विभागाने 8 डिसेंबर 2020 रोजी पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. त्यात जीन्स आणि टी-शर्टला मनाई होती; 2021 मध्ये जीन्सवरची मनाई उठली, टी-शर्टवरची राहिली. पुरुषांसाठी शर्ट-पँट आणि बूट किंवा सँडल. महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझरवर कुर्ता अथवा शर्ट, गरज असेल तर दुपट्टा. फार भडक रंग, विचित्र नक्षी आणि चित्रं नकोत. स्लीपर नको. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी. ओळखपत्र दर्शनी भागावर. अशा परिपत्रकांत पुढे दुरुस्त्याही होत असतात आणि महापालिका, सिडको यांचे आपापले आदेश असतात, तेव्हा रुजू झाल्यावर आस्थापना शाखेतून चालू आदेशाची प्रत मागून घ्या. शिपाई, चालक यांच्या गणवेशाचं कापड, शिलाई किंवा भत्ता याची चौकशीही तिथेच करायची. बेलापूरच्या केंद्रीय कार्यालयांना हे परिपत्रक लागू नाही. तिथे केंद्राचे नियम.

नियम एवढाच. पण कार्यालयाची वेळ 9.45 ते 6.15 आहे, आणि डोंबिवलीहून ठाणे, तिथे ट्रान्स हार्बरची गाडी पकडून बेलापूर असा प्रवास असेल तर कपडे सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत अंगावर राहतात. लोक कपडे घेतात ते दुकानातल्या आरशात बघून. घ्यायला हवेत ते या बारा तासांचा विचार करून.

पँटपासून सुरुवात करा, कारण चूक तिथेच जास्त होते. शंभर टक्के सुती पँट दिसते छान, पण तासभर खुर्चीत बसलं की गुडघ्याला फुगे आणि मांडीला चुण्या. शंभर टक्के पॉलिस्टर लोकलच्या गर्दीत नकोसं होतं. पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्रणाचं मध्यम वजनाचं सुटिंग घ्या: घडी टिकते, रात्री धुतलं तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं. 58 इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) 1.20 ते 1.30 मीटर कापड एका पँटला पुरतं. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला त्याच पन्ह्यात 1.60 मीटर लागतं. शर्टाला सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड बरं. फिकट रंग घ्या, पण पांढराशुभ्र रोजच्यासाठी नको. कॉलरची काळी रेघ दोन महिन्यांत पक्की होते.

शिंप्याला तीन गोष्टी आठवणीने सांगा. मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायची. बैठ्या कामात कंबर वाढते आणि माया नसेल तर अख्खी पँट वाया जाते. तीच शिवण दुहेरी मारायची, कारण खाली वाकून कपाटातला गठ्ठा काढताना उसवते ती नेमकी तिथे. आणि पायाची उंची बुटाच्या टाचेच्या वरच संपली पाहिजे. जमिनीला टेकणारी पँट जून ते सप्टेंबर चिखल ओढते आणि काठ झिजतो. तयार पँट घेत असाल तर ती उलटी करून मागच्या शिवणीत माया आहे का ते बघून मगच पैसे द्या.

महिलांच्या बाबतीत एक गैरसमज अजून टिकून आहे, की सरकारी नोकरी म्हणजे साडीच. परिपत्रकात ट्राउझर आणि कुर्ता स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा कुणी टोकलं तर प्रत दाखवा. कुर्ता शिवताना उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा लावून घ्या, फोन आणि कपाटाची किल्ली मावेल एवढा; बिनखिशाचा कुर्ता कार्यालयात दिवसभर अडवतो. दुचाकीवरून येत असाल तर दुपट्टा मागे मोकळा सोडू नका. चाकात किंवा साखळीत अडकून अपघात होतो. निघण्याआधी तो कमरेला बांधा किंवा पिशवीत ठेवा.

साडी नेसायची तर सुती नेसा, पण ती तयार करायची रीत आहे. फॉल लावण्याआधी फॉलची पट्टी तासभर पाण्यात भिजवून वाळवा आणि इस्त्री करा. कोरी पट्टी तशीच लावली तर पहिल्या धुण्यात ती आटते, साडी तेवढी आटत नाही आणि काठ चुणल्यासारखा होतो. ब्लाउजच्या सुती अस्तराचंही तसंच, म्हणून शिंप्याकडे अस्तर भिजवूनच द्या. पदराला आणि निऱ्यांना पिन लावताना खाली जाडसर कापडाचा छोटा तुकडा ठेवा. गर्दीत ओढ बसते तेव्हा पिनेच्या भोकापासून सुती साडी फाटत जाते. तुकडा असला की ओढ त्यावर येते. सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात धरून पायरीपासून दोन इंच वर.

खळीसाठी दोन मोठे चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा आणि साधारण तीन लिटर थंड पाण्यात मिसळायचा. साडी त्यात बुडवून हलकी पिळा, सावलीत वाळवा, थोडी ओलसर असतानाच इस्त्री. पावसाळ्यात मात्र खळ बंद. आपल्याकडच्या दमट हवेत खळीचं कापड ओल धरतं, चिकट होतं, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि कसर लागते. मे महिन्याच्या शेवटी सगळ्या खळीच्या साड्या साध्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच कपाटात ठेवाव्यात.

शुक्रवारच्या खादीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण फसवणूक इथे होते. 1956च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यानुसार खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुताचं, हातमागावर विणलेलं कापड. सूत गिरणीचं आणि विणकाम हाताचं असेल तर ते हातमागाचं कापड, खादी नव्हे. आपल्याच जिल्ह्यात भिवंडीला यंत्रमागांचा मोठा कारभार आहे. तिथलं जाडंभरडं सुती कापड चांगलं असतं, स्वस्त असतं, पण खादी म्हणून विकलं की ती लबाडी. ‘खादी मार्क’चं लेबल बघा. कापड उजेडासमोर धरा: खऱ्या खादीत धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो, मधूनच गाठ असते. सगळे धागे एकसारखे असतील तर शंका घ्या. पन्हा बरेचदा 36 इंचच असतो, तेव्हा पूर्ण बाह्यांच्या शर्टाला अडीच मीटर घ्या. खादी आटते, म्हणून शिवायला टाकण्याआधी रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि न पिळता वाळवा. गडद रंगाची असेल तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी. महाग वाटते हे खरं, पण हाताने सूत कातणाऱ्याच्या मजुरीचा विचार केला तर तो भाव वाजवी आहे, आणि नीट वापरलेला खादीचा शर्ट वर्षानुवर्षं मऊ होत जातो.

पावसाळ्यात पायाचा प्रश्न मोठा. चामड्याचा बूट एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही, वास धरतो आणि टाच सुटते. कॅनव्हासचंही तसंच. मनाई स्लीपरला आहे. मागे पट्टा असलेली रबरी किंवा प्लास्टिकची सँडल चालते आणि तीच घ्यावी, तळाला खोल खाचा असलेली. कार्यालयाच्या कपाटात एक कोरडा जोड, एक टॉवेल आणि मोज्यांचे दोन जोड सप्टेंबरअखेरपर्यंत ठेवा. जीन्स नको म्हणण्याचं एक कारण इथेही आहे: भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर ओली राहते आणि जांघेत, पायांत बुरशीजन्य खाज सुरू होते.

डागांपैकी बॉलपेनचा डाग जातो. पाणी लावू नका, घासू नका. डागाखाली जुनं कापड ठेवा, सॅनिटायझर किंवा स्पिरिट कापसावर घेऊन कडेकडून मध्याकडे टिपा, शाई खालच्या कापडावर उतरते तसं ते बदलत राहा. शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई मात्र क्वचितच पूर्ण निघते. टपाल किंवा आवक-जावकच्या टेबलावर नेमणूक असेल तर शर्ट अर्ध्या बाह्यांचेच घ्या. अभिलेख कक्षात उलट: जुन्या दप्तरांची धूळ हातावर बसून पुरळ येतं, तिथे पूर्ण बाह्या आणि तोंडाला मास्क.

आणि ओळखपत्र. सगळ्या परिपत्रकातली ही ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षली जाते तीही हीच. मुरबाड-शहापूरहून दाखल्यासाठी दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला आपण कुणाशी बोललो हे कळलं पाहिजे. नाव माहीत नसेल तर पुढच्या खेपेला तो पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात करतो. गळ्यातल्या नाडीला एकच कडी असली की कार्ड फिरतं आणि कोरी बाजू पुढे येते. म्हणून दोन्ही टोकांना कडी असलेली नाडी घ्या, किंवा कार्डाच्या मागच्या बाजूला नाव-पदनामाची छापील चिठ्ठी त्याच पाकिटात सरकवा. सुती शर्टाच्या खिशाला चिमटा लावलात तर कड महिन्याभरात सुटते, नाडीच बरी. लोकलमध्ये नाडी शर्टाच्या आत, कार्यालयात बाहेर.

पहिल्या पगाराआधी फार खर्च नको. चार शर्ट किंवा कुर्ते, तीन पँटी, त्यातली एक काळी किंवा गडद निळी, एक खादीचा जोड, एक बूट, एक सँडल एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. शिवून घेणार असाल तर गणपती आणि दिवाळीआधी शिंप्यांकडे गर्दी असते, कापड महिनाभर आधी टाका आणि पहिली पँट घालून, बसून, वाकून बघितल्यावरच उरलेल्या दोन कापायला सांगा.