जिनिंगमधील जुने फोन इंटरनेटवर: नोंद तिसरी, भुईकाट्यावरचा डायलचा फोन

मागील नोंद लिहिली त्या दिवशी गेटवेच्या (जुने फोन इंटरनेटच्या जाळ्याला जोडणाऱ्या डब्याच्या) आठही पोर्टवर डायल टोन येत होता, परंतु भुईकाट्यावरील डायलच्या काळ्या फोनवरून एकही नंबर लागत नव्हता. त्याला फक्त येणारे फोन घेता येत होते. गेल्या तीन रविवारांत तो प्रश्न सुटला. हाती आलेली मापे आणि घडलेल्या चुका विस्मरणात जाण्याआधी लिहून ठेवतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. धरणगावजवळ मामांची जिनिंग-प्रेसिंग आहे आणि जळगावला पेढी आहे. जिनिंगमधील जुनी ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना जोडणारे छोटे एक्स्चेंज, मागच्या जूनमध्ये मृगाच्या पहिल्या विजेत जळाली आणि तिचे एक्स्टेंशन कार्ड कुठेही मिळाले नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हे फोन हवेत कशाला, असे अनेकांनी विचारले. त्याचे मामांनी दिलेले उत्तर मला पटते: काट्यावरचा माणूस पाळीनुसार बदलतो, काटा मात्र जागचा हलत नाही. गाडी आत घेण्यापूर्वी गेटवाल्याला माणसाशी नव्हे, काट्याशी बोलायचे असते. गोदाम, प्रेस, गेट आणि काटा यांचे दोन आकडी नंबर तेथील भिंतींवर ऑइल पेंटने लिहिलेले आहेत, आणि ते एकही न पुसता नवी यंत्रणा बसवायची हे आम्ही प्रथमच ठरवले.

यंत्रणा अशी आहे: आठ पोर्टचा एक एफएक्सएस गेटवे, त्याच्यामागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर ईपीएबीएक्सचे काम करणारी प्रणाली अ‍ॅस्टरिस्क. हे अ‍ॅस्टरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली लिहायला घेतले, कारण त्यांच्या लहानशा कंपनीला तयार ईपीएबीएक्स परवडत नव्हती. आमची अडचण त्याहून फारशी वेगळी नव्हती. एफएक्सएस पोर्टचे काम एक्स्चेंजचे आहे. त्याने तारेवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी द्यायचे, रिसीव्हर उचलला की लूपमधून (दोन तारांच्या बंद वेटोळ्यातून) वाहू लागणारा करंट ओळखायचा, घंटेसाठी एसी सोडायचा, आणि माणसाच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन ते पाकिटांतून पुढे पाठवायचे. फोनला यांतले काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने पलीकडे पूर्वीचेच एक्स्चेंज आहे. म्हणूनच गेटवेने वागण्यात आपल्याकडच्या एक्स्चेंजसारखे असणे आवश्यक ठरते, आणि आमचे बहुतेक श्रम तेथेच खर्ची पडले.

तारांबद्दल आधी लिहितो, कारण या कामात सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. जिनिंगमध्ये दहा जोड्यांची जेली भरलेली केबल पूर्वीच टाकलेली होती. गेटपर्यंतचे अंतर सुमारे ४०० मीटर. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम धरला, तर जाऊन-येऊन ८०० मीटरच्या लूपचा रोध ६७ ओहम यायला हवा. मे महिन्यातील दुपारी, गेटवर टोके जोडून मोजल्यावर मीटरने ७४ दाखवले. प्रथम मला एखादा सांधा खराब असल्याची शंका आली. परंतु केबल पत्र्याच्या शेडच्या भिंतीवरून, उन्हातून गेलेली आहे, आणि तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांचे ६७ ओहम ४४ अंशांना जवळपास ७४ होतात. खानदेशातला उन्हाळा मीटरवर असा आकड्यांत उतरलेला पाहून मला फार आनंद झाला.

प्रेसच्या जोडीवर मात्र सतत घूं असा आवाज होता. दोन्ही तारांचा अर्थिंगशी असलेला रोध वेगवेगळा मोजला, तेव्हा एक तार पूर्ण सुटी आणि दुसरी ४० किलो-ओहमने जमिनीला लागलेली निघाली. दोन्ही तारा सारख्या असल्या तर शेजारच्या मोटारीच्या केबलमधून येणारा ५० हर्ट्झचा गुंजारव दोहोंत समान उतरतो आणि फोनला ऐकू येत नाही. एक तार जमिनीला लागली की हा समतोल बिघडतो. केबलमध्ये मोकळी जोडी होती. क्रोनवर (तारा जोडायच्या पट्टीवर) जंपर बदलला आणि आवाज थांबला. गेटवेच्या सेटिंगमध्ये दोन संध्याकाळी फिल्टर शोधत बसलो होतो, त्याऐवजी मीटर आधी हातात घ्यायला हवा होता.

आता डायल टोन. गेटवे कारखान्यातून अमेरिकन टोन घेऊन आला होता, म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र. गोदामातील लोकांनी रिसीव्हर कानाला लावला आणि फोन खराब आहे म्हणून ठेवून दिला. भारतीय डायल टोन म्हणजे ४०० हर्ट्झचा स्वर, २५ हर्ट्झने थरथरणारा. एंगेज टोन ४०० हर्ट्झचाच, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. पलीकडे घंटा वाजत असल्याचा स्वर ०.४ सेकंद चालू, ०.२ बंद, पुन्हा ०.४ चालू आणि मग दोन सेकंद शांतता. हे आकडे अ‍ॅस्टरिस्कच्या इंडिकेशन्सच्या फाइलमध्ये भारताच्या नावाखाली तयार आहेत. गेटवेत ते हाताने भरावे लागले, कारण डायल टोन अ‍ॅस्टरिस्क देत नाही, गेटवे स्वतः देतो. बदल केल्यावर काट्यावरच्या नानांनी रिसीव्हर उचलला, क्षणभर ऐकले आणि म्हणाले, "आते कसा बरोबर आवाज ऊना!" त्या दिवसापासून कोणीही फोन खराब असल्याची तक्रार केलेली नाही.

नानांचा फोन हाच खरा प्रश्न होता. बटणांचा फोन प्रत्येक आकड्यासाठी दोन स्वर एकदम वाजवतो. ५ दाबला की ७७० आणि १,३३६ हर्ट्झ. डायलचा फोन स्वर वाजवत नाही. चकती परत येताना तो लूप तितक्या वेळा तोडतो: १ साठी एकदा, शून्यासाठी दहा वेळा. वेग सेकंदाला दहा तुटी असावा आणि प्रत्येक तूट साधारण ६७ मिलिसेकंदांची, मधली जोड ३३ मिलिसेकंदांची असावी, असे आपल्याकडचे प्रमाण आहे. आमच्या गेटवेत पल्स डायलिंग ओळखण्याची सोय आहे आणि ती मी चालू केलेली होती, तरीही नंबर लागत नव्हता. लॉग उघडून पाहिला तेव्हा प्रत्येक तुटीच्या जागी फ्लॅश अशी नोंद दिसली, म्हणजे कोणीतरी कॉल ट्रान्सफरसाठी क्रेडल टपटपवत आहे असा गेटवेचा समज होत होता.

फोनचा तळ उघडून डायलच्या संपर्कांजवळ मोबाईल धरला, शून्य फिरवला आणि रेकॉर्डिंग संगणकावर उघडले. पहिल्या आणि दहाव्या टिकेत १.२८ सेकंदांचे अंतर होते. मध्ये नऊ अंतरे, म्हणजे प्रत्येकी १४२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात तुटी. या संथ वेगाने एक तूट सुमारे ९५ मिलिसेकंदांची होते, आणि गेटवेत फ्लॅशची किमान मर्यादा ८० मिलिसेकंद होती. चूक दोन्हीकडे होती: डायल संथ झालेला होता आणि माझी मर्यादा फार खाली होती.

डायलच्या पाठीमागे एक छोटा गव्हर्नर असतो. त्याची दोन वजने फिरता फिरता बाहेर फेकली जातात आणि पितळी वाटीला घासून वेग आवरतात. या फोनचा गव्हर्नर उघडला तेव्हा जुने ग्रीस आणि कापसाची बारीक तूस यांचा मिळून नमद्यासारखा थर जमलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो पूर्ण काढला, वर्म गिअरच्या दोन्ही टोकांना सुईच्या अग्राने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. वाटीच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला तेल अजिबात लागू देऊ नये. घर्षण गेले की डायल सुसाट पळतो. पुन्हा रेकॉर्डिंग केले: नऊ अंतरांना ०.९२ सेकंद, म्हणजे सेकंदाला ९.८ तुटी. फ्लॅशची किमान मर्यादा ३०० मिलिसेकंदांवर नेली. त्यानंतर काट्यावरून गोदामाचा २४ फिरवला आणि पहिल्याच प्रयत्नात घंटा वाजली. त्या संध्याकाळी आम्ही तो फोन केवळ ऐकण्यासाठी कितीतरी वेळा फिरवला.

याच वेळी डिजिट मॅपही, म्हणजे नंबर कधी पूर्ण झाला हे गेटवेला सांगणारा नियम, दुरुस्त केला. आधी गेटवे शेवटच्या आकड्यानंतर चार सेकंद वाट पाहत असे आणि लोक तेवढ्यात रिसीव्हर ठेवून देत. आता २ ने सुरू होणारा दोन आकडी नंबर पूर्ण होताच कॉल पुढे जातो.

घंटेविषयी: कारखान्यातील सेटिंग २० हर्ट्झचे होते. आपल्याकडील एक्स्चेंजची रिंग ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झ अशी असते. तसे केल्यावर काळ्या फोनचा टोला स्पष्ट आणि एकसारखा झाला. प्रेसच्या लाईनवर मी उत्साहाने दोन घंटा समांतर जोडल्या होत्या, तेव्हा दोन्ही मंद वाजू लागल्या. पोर्टची ताकद मोजकी असते, म्हणून एक काढून टाकली.

जळगावची पेढी वायरगार्डच्या बोगद्यातून (इंटरनेटवरच्या खासगी, कूटबद्ध जोडणीतून) जोडलेली आहे. सुरुवातीला बोगद्याविना प्रयत्न केला, तेव्हा धरणगावचा आवाज जाई, जळगावचा येत नसे, कारण गेटवे आपला घरगुती, बाहेरून न लागणारा आयपी पत्ताच पलीकडे कळवत होता. त्याखेरीज ५०६० हे फोन लावण्याच्या संदेशांचे पोर्ट उघडे ठेवले की काही तासांतच अनोळखी ठिकाणांहून एक्स्टेंशनचे पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न सुरू होतात. बोगद्याने दोन्ही अडचणी मिटल्या. कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत, जी.७११ ए-लॉ ठेवला आहे. पाकिटांच्या वेष्टनासह, पण बोगद्याचे जादा वेष्टन न धरता, एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात, आणि आठही फोन एकदम बोलले तरी फायबरला त्याचा भार जाणवत नाही. शांततेत पाकिटे न पाठवण्याची सोय बंद केली, कारण प्रेसच्या गोंगाटात ती वाक्याची पहिली अक्षरे खात होती. ही सर्व बोलणी संस्थेच्या आतलीच आहेत. बाहेरची लाईन या यंत्रणेला जोडलेली नाही, आणि जोडायची झाल्यास ती परवानाधारक कंपनीकडूनच घेऊ.

आता विजेचा बंदोबस्त राहिला आहे. क्रोनवर प्रत्येक जोडीला तीन टोकांचे गॅस डिस्चार्ज अरेस्टर (विजेचा जादा दाब जमिनीत सोडणारे) लावले, परंतु अर्थिंग नीट नसेल तर त्यांचा उपयोग नाही. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते. मागच्या जूनमध्ये नेमके हेच झाले असावे, असे मला वाटते. भेगा बुजवून, कोळसा-मीठ भरून, रोज दोन बादल्या पाणी घालण्याचे काम नानांनी आपणहून घेतले आहे. गेटवे, पाय आणि राउटर मिळून २२ वॅट घेतात. भारनियमनासाठी १२ व्होल्ट, ४२ एएचची बॅटरी पुरते, आणि तिची पहिली चाचणी मी परवा घेणार आहे. प्रेसमधील मोठ्या घंटेसाठी वेगळा रिले करायचा आहे, म्हणजे पोर्टवर भार न येता ती २३० व्होल्टवर वाजेल. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागेल. त्याआधी हे काम झाले पाहिजे, कारण मशीन चालू असताना साधी घंटा तिथे कोणालाही ऐकू येत नाही.