कुंभार्ली घाट आणि खालचा गिअर

पहाटे चिपळूण सोडलं तेव्हा रस्ता ओला होता. शेजारी बाबा, मागे आई आणि तिच्या मांडीवर कराडच्या मावशीसाठी घेतलेल्या फणसपोळ्या. ऑटोमॅटिक गाडी घेऊन महिना झाला होता, पण घाटात ती पहिल्यांदाच नेत होतो. बाबांनी एसटीत स्टिअरिंग धरून आयुष्य काढलं. गुहागर–विजयपूर रस्त्यावरचा हा कुंभार्ली घाट त्यांना वळणावळणाने पाठ आहे.

पोफळी मागे पडली. याच डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे, हे आईने नेहमीप्रमाणे सांगितलं. पुढे चढाला चिऱ्यांनी भरलेला ट्रक लागला. थोडा सरळ रस्ता आला, समोर मोकळं दिसलं, मी ट्रकच्या मागून बाहेर निघालो आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. क्षणभर काहीच घडलं नाही. मग इंजिन ओरडलं आणि गाडी उसळली. ट्रक पार केला खरा, पण तो क्षण मला लांबलचक वाटला.

याला किकडाऊन म्हणतात. आम्ही पंचेचाळीसच्या वेगाने चौथ्यात होतो, इंजिनचे फेरे मिनिटाला जेमतेम १,५००. एवढ्या फेऱ्यांवर इंजिनकडे चढाला लागणारी ताकद नसते. पाय एकदम खाली गेला की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ओळखतो, चालवणाऱ्याला घाई आहे. मग तो तेलाच्या दाबाने आतला एक क्लच सोडतो, दुसरा पकडतो, आणि तिसरा वगळून थेट दुसरा टाकतो. वेग तोच, फेरे मात्र दुपटीच्या वर, ३,००० च्या पुढे. चाकांना मिळणारा जोरही त्याच हिशेबाने वाढतो. इंजिनला तेवढे फेरे गाठायला वेळ लागतो, आणि तोच तो क्षण. माझ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, आहे म्हणून जोर पूर्ण तुटत नाही. एएमटीत, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स यंत्राने चालवणाऱ्या गाडीत, यंत्र आपल्यासारखाच क्लच दाबतं, गिअर बदलतं, क्लच सोडतं. तेवढा वेळ चाकांकडे काहीच जात नाही. घाटात एएमटी चालवणाऱ्यांनी हे मनाशी पक्कं धरावं असं मला कळकळीने वाटतं.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू बाहेर पडून मग गिअर मागितलास. आम्ही ट्रकच्या मागे असतानाच तिसरा टाकायचो. गाडी तयार झाली की मग बाहेर."

"पण बाबा, हिच्यात क्लचचं पेडलच नाही."

"मॅन्युअल मोड कशाला दिलाय मग?"

पुढच्या ट्रकला तसंच केलं. अंतर ठेवून मागे राहिलो, लिव्हर डावीकडे ओढून दुसरा टाकला, फेरे चढू दिले. रस्ता मोकळा दिसताच पाय दाबला. या वेळी वाट बघावी लागलीच नाही. इंजिन आधीच जोरात होतं, गाडी सरळ निघाली आणि ट्रकपुढे ऐसपैस जागा ठेवून आम्ही डावीकडे आलो. ट्रकवाल्याने एकदाच हॉर्न दिला, सलामीचा.

कोयनानगरला चहाला थांबेपर्यंत असे तीन ट्रक पार झाले. प्रत्येक वेळी, मी लिव्हरला हात लावायच्या आधीच, बाबांचा डावा पाय पायपुसण्यावर क्लच दाबत होता.