चिपळ्यांची धार आणि अक्षतांचे दाणे

वडिलांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट आमच्याकडे होती. सोलापूरच्या साखर पेठेतील एका मंदिरात १९९१ च्या कार्तिक महिन्यात ती टेप केलेली होती. २००६ साली एका दुकानदाराने तिची एमपी३ फाइल करून दिली आणि पेन ड्राइव्हवर जागा वाचावी म्हणून ती ६४ किलोबिटची, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला तेवढीच माहिती (बिटरेट) ठेवणारी, केली. आता कॅसेट ठेवण्याची गरज नाही, असे त्याने सांगितले आणि आम्हीही ते ऐकले. घरी येऊन फाइल लावली तेव्हा वडिलांचा आवाज ओळखू येत होता, पण टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे लागत होते आणि चिपळीच्या प्रत्येक ठोक्याआधी एक बारीक फुसफुस ऐकू येत होती. लॉसी कॉम्प्रेशनने, म्हणजे काही माहिती कायमची टाकून देऊन फाइल लहान करण्याच्या पद्धतीने, संगीताचा आनंद खरोखरच कमी होतो का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

या पद्धतीमागचा विचार सोलापूरकराला समजावून सांगावा लागू नये. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला माग चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही; माग थांबला की तीच टिकटिक झोप मोडते. घड्याळ तर दोन्ही वेळी सारखेच वाजत असते. मोठा आवाज आपल्या जवळच्या कंपनसंख्येतील लहान आवाजांना झाकून टाकतो, आणि जे झाकले गेले ते साठवायचे कशाला, असा एमपी३ चा हिशोब आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचा मोठा भाग केला, १९९३ साली ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले, आणि 'एमपी३' हे फाइलचे नाव १९९५ मध्ये ठरले. १९८२ मध्ये आलेली सीडी दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट वापरते, तर १२८ किलोबिटची एमपी३ त्याच्या अकराव्या हिश्श्यात भागवते. म्हणजे दहा भाग टाकून एकच भाग ठेवायचा, आणि तरीही गाणे गाणेच वाटले पाहिजे. मला यात फसवणूक दिसत नाही. कानाचा इतका बारीक अभ्यास करणाऱ्यांचे कौतुकच वाटते.

मग चिपळ्याच का बिघडल्या? एमपी३ मध्ये ध्वनीचे लहान लहान तुकडे पाडले जातात, आणि मोठा तुकडा साधारण १३ मिलिसेकंदांचा असतो. माहिती कमी करताना जी चूक शिल्लक राहते ती त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी पडला, तर त्याच्या आधीच्या शांततेतही त्या चुकीचा शिडकावा होतो. मोठ्या आवाजानंतरची खरखर कान शंभरएक मिलिसेकंद माफ करतो. आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंदच. असा ठोका दिसला की चांगला एन्कोडर, म्हणजे फाइल लहान करणारा प्रोग्राम, तुकडे आखूड करतो, परंतु ६४ किलोबिटमध्ये त्यासाठी पुरेसे बिटच उरत नाहीत. युरोपातील तंत्रज्ञ हीच परीक्षा कॅस्टनेट नावाच्या लाकडी वाद्यावर घेत असत. त्यांना आपल्या चिपळ्या ठाऊक असत्या, तर त्यांचेही काम भागले असते.

गेल्या एप्रिलमध्ये भाच्याला हाताशी धरून मी स्वतःचीच परीक्षा घेतली. भजनाच्या एका चांगल्या सीडीवरील एक तुकडा मूळ स्वरूपात आणि कॉम्प्रेस करून, अशा दोन्ही रूपांत त्याने नाणे उडवून मला ऐकवायचा आणि मी कोणता कोणता ते सांगायचे. पडदा त्याच्याकडे, पाठ माझी. त्यासाठी पंखा बंद ठेवावा लागला, आणि एप्रिलमध्ये सोलापुरात पंखा बंद करून बसणे ही संगीतासाठी माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी तपश्चर्या असावी. १२८ किलोबिटच्या एमपी३ ला मी २० पैकी १७ वेळा ओळखले, तेही केवळ चिपळ्यांवरून. २५६ किलोबिटच्या एएसीला, म्हणजे एमपी३ नंतर आलेल्या तशाच लॉसी पद्धतीला, मात्र ११ वेळाच. नुसते नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी १० च्या आसपास आलीच असती. त्याच तुकड्यातील तंबोरा आणि पेटी मला १२८ वरही वेगळी करता आली नाही. या बिटरेटला एन्कोडर साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचे सारे कापून टाकतात, पण पन्नाशीच्या कानाला ते मुळातच ऐकू येत नसल्यामुळे तक्रारीला जागा नाही. पंखा पुन्हा पाचवर लावला तेव्हा १२८ चाही फरक मावळला. लॉसलेसचे, म्हणजे काहीही न टाकलेल्या ध्वनीचे, पैसे भरून ब्लूटूथ इअरफोनवर ऐकणारे माझे एक मित्र आहेत. त्या वाटेवर ध्वनी बहुधा पुन्हा एकदा कॉम्प्रेस होतो, हे त्यांना सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

व्हिडिओच्या बाबतीत माझे मत इतके उदार नाही. १९२० बाय १०८० चे चित्र सेकंदाला ३० चौकटींनी जसेच्या तसे साठवायचे म्हटले, तर दर सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट लागतात. फोन ते १५ ते २० दशलक्षांत बसवतो. डोळा उजेडाच्या मानाने रंगाबाबत ढिला असल्यामुळे रंगाचे तपशील एक चतुर्थांशच ठेवले जातात, आणि पूर्ण चौकट अधूनमधूनच साठवून बाकीच्यांत कोणता चौकोन कुठे सरकला एवढीच नोंद होते. बातम्या वाचणाऱ्या माणसासाठी ही युक्ती उत्तम आहे, कारण त्याच्या मागची भिंत कुठेही सरकत नाही.

परंतु संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा पाहा. सात नंदीध्वज उभे आहेत, पांढऱ्या बाराबंदीतील हजारो माणसे आहेत, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' होताच चहूबाजूंनी तांदळाचे दाणे उडतात. प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने जात असताना कोणता चौकोन कुठे सरकला हे सांगणार तरी कसे? तिथे वाचवण्यासारखे काहीच उरत नाही. बिट पुरेसे नसतील तर चित्र विस्कटते. निरोपांच्या ॲपमधून घरच्या गटावर आलेल्या व्हिडिओत अक्षतांऐवजी थरथरणारे पांढरे चौकोन दिसत होते, कारण तो आधी फोनमध्ये, मग पाठवताना, आणि आणखी कुणाच्या तरी संपादनातून असा तीन वेळा दळला गेला होता. होम मैदानावरील शोभेच्या दारूकामाचीही तीच गत होते. काळ्या आकाशात सलग छटांऐवजी पायऱ्या पडतात. भाच्याने तीच मूळ फाइल केबलने दिली, तेव्हा दाणे दिसले. म्हणून मी दोष एकदाच, पुरेशा बिटरेटवर केलेल्या कॉम्प्रेशनला देत नाही. दळलेले पुन्हा दळण्याला आणि मूळ टाकून देण्याला देतो.

मंडळाच्या आणखी दोन कॅसेट यंदा माळ्यावर सापडल्या. त्या मी फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न टाकता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत, उतरवल्या; तासाभराच्या कॅसेटला साडेतीनशे एमबी लागले. फोनसाठी त्यांतूनच लहान प्रती काढल्या आहेत, आणि ऐकताना मला त्या मुळीच उण्या वाटत नाहीत. पहिल्या कॅसेटची मात्र ती ६४ किलोबिटची फाइलच उरली आहे. आई ती रोज सकाळी लावते आणि तिला त्यात काहीही कमी जाणवत नाही. चिपळ्या सुरू झाल्या की मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जातो.