घरपट्टीची पावती

आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराचं शेपूट, आदल्या रात्री उरकायचं. बाईंनी मात्र एकदा स्वतःच्या घरपट्टीची पावती वर्गात फिरवली. शिक्षण कर, रोजगार हमी कर या ओळींवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पैसे नगरपालिकेचे नव्हेत. ती नुसती गोळा करून सरकारात भरते." मागच्या बाकावर आमचं फुल्ली-गोळा चालू होतं.

नोकरीनिमित्त लंडनच्या पॉप्लर भागात आलो. इथल्या एका वसाहतीला जॉर्ज लॅन्सबरींचं नाव आहे. हे गृहस्थ कोण म्हणून वाचायला घेतलं, तर प्रकरण थेट त्या पावतीपाशी आलं.

लॅन्सबरी १९०३ मध्ये पॉप्लरचे नगरसेवक झाले, १९१० मध्ये खासदार. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१२ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा उभे राहिले आणि पडले. मग परत नगरपालिकाच. वस्ती गोदी कामगारांची, बेकारी अफाट. बेकारांना मदत द्यायची ती स्थानिक पट्टीतून. म्हणजे जिथे गरीब जास्त, तिथेच बोजा जास्त. शिवाय लंडन काउंटी कौन्सिल (साऱ्या लंडनचा कारभार बघणारी संस्था), पोलीस, पाणी यांचा वाटा गोळा करून वर पाठवायचा. १९२१ मध्ये पॉप्लरने ठरवलं, बेकारांना देऊ, वर काही पाठवणार नाही.

कोर्टाचं बोलावणं आलं, तर सगळे वाजतगाजत मिरवणुकीने गेले. सप्टेंबरात तीस नगरसेवक तुरुंगात. लॅन्सबरींबरोबर मुलगा एडगर आणि सून मिनीसुद्धा. पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. तरी सभा थांबली नाही; बायकांना गाडीतून ब्रिक्स्टनला आणून नगरपालिकेचं कामकाज तुरुंगातच चालायचं! सहा आठवड्यांनी कोर्टाने सगळ्यांना सोडलं आणि सरकारने गरिबांच्या मदतीचा खर्च साऱ्या लंडनवर वाटणारा कायदा केला. मिनी मात्र १ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने गेली, अवघी बत्तीस वर्षांची.

त्याच वर्षी लॅन्सबरी पुन्हा खासदार झाले, पुढे मंत्री, १९३२ ते ३५ मजूर पक्षाचे नेते. युद्धाला कट्टर विरोध, त्यापायी नेतेपद सोडलं. पण मंत्रिपदाच्या काळातलं त्यांचं मला आवडणारं काम म्हणजे हाइड पार्कच्या तळ्यावर साध्या माणसांसाठी केलेली पोहण्याची सोय. खाते मंत्र्याचं, काम अस्सल नगरसेवकाचं. उन्हाळ्यात आजही तिथे पोहता येतं. शाळेतलं कुणी इकडे आलं तर जरूर कळवा, पण पाणी गार असतं, ते आधीच सांगून ठेवतो.