आमचा मामा, डोंबिवलीतला एजंट

रविवार, रात्री

मामा घरांचा एजंट झाला तो संपामुळे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तो लालबागच्या चाळीत राहणारा, चोवीस वर्षांचा बदली कामगार होता. बदलीवाल्याला तसंही रोज सकाळी गेटवर जाऊन आज काम आहे का विचारावं लागायचं. त्यामुळे संप लांबत चालला तसं ‘आपलं काही खरं नाही’ हे कायम नोकरीवाल्यांच्या आधी त्याच्या लक्षात आलं. अडीच लाख माणसं घरी बसलेली. हळूहळू चाळीतली बिऱ्हाडं खोल्या सोडून डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे निघाली. त्यातल्या एका शेजाऱ्याबरोबर हा वन रूम किचन बघायला डोंबिवलीला गेला, दिवसभर उन्हात फिरला. व्यवहार झाल्यावर शेजाऱ्याने हातात शंभराची नोट ठेवली. “चालायचेही पैसे मिळतात हे तेव्हा कळलं,” असं तो सांगायचा आणि स्वतःच पहिला हसायचा.

परवा तेराव्याला जिलबी कमी पडली. कोण कोण आलं होतं! सोसायट्यांचे सेक्रेटरी, रंगवाला, दोन वॉचमन, रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेरचा झेरॉक्सवाला, आणि पुष्कळ अशी कुटुंबं ज्यांना आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं. प्रत्येकाचं एकच, “काकांनी आम्हाला घर मिळवून दिलं.” एक गृहस्थ म्हणाले, इतकी वर्षं या धंद्यात राहूनही माणूस साधा राहिला. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. धंद्यात राहूनही म्हणजे काय? तो गोड होता तो धंद्यामुळेच. ओळख काढणं, नाव लक्षात ठेवणं, मुलीची बारावी कशी झाली विचारणं हे सगळं त्याच्या कामाचंच होतं आणि ते करताना त्याला मनापासून मजाही यायची. यातलं काम कुठे संपतं आणि माया कुठे सुरू होते, हे त्याला स्वतःला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे.

फ्लॅट दाखवायला तो लागला की बघण्यासारखं असायचं. हॉलमध्ये थांबायचाच नाही. सरळ बाथरूममध्ये शिरून नळ सोडायचा, पाण्याला जोर किती ते बघायचा, मग स्टुलावर चढून छताच्या कोपऱ्याला तळहात लावायचा. ओल आहे का ते डोळ्यांआधी हाताला कळतं म्हणे. बाईमाणसाला ओट्यासमोर उभं करून, “वहिनी, पोळ्या लाटताना पाठ दुखणार नाही ना, बघून घ्या.” वरच्या मजल्यावरचं घर असलं तर पार्टीला मुद्दाम जुलैत पुन्हा बोलवायचा. बाकीचे एजंट पावसाळ्यात गच्चीखालचं घर दाखवायचं टाळतात, हा भर पावसात छत्री घेऊन हजर. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती आणि बिल्टअपच्या (भिंती धरून मोजलेल्या जागेच्या) नावाखाली फुगवलंय किती, ते टेपने मोजून सिगरेटच्या पाकिटामागे लिहून द्यायचा. (सिगरेट सुटली, पाकिटामागे लिहायची सवय नाही सुटली. शेवटी शेवटी औषधांच्या खोक्यांवर आकडे असायचे.)

आणि इतकं सगळं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी बेडरूमची भिंत दर पावसाळ्यात फुगायची. मामी म्हणायची, “ह्यांना आपलं सोडून सगळ्यांचं घर दिसतं.” ताई दहावीला जाईपर्यंत ते भाड्याच्याच जागेत होते. दर अकरा महिन्यांनी करार, आणि तो करार नीट वाचायला मात्र मामाला कधी वेळ नसायचा.

घरच्यांच्या वाट्याला तो पितृपंधरवड्यात यायचा. त्या दिवसांत कोणी घराचं टोकन, म्हणजे बयाणा, देत नाही, म्हणून मामीचं चिपळूणचं माहेर, आम्हा भाचरांची खरेदी, दातांचे डॉक्टर, सगळं तेव्हाच. दसरा उजाडला की पुन्हा गायब. दिवाळीच्या पहाटे मात्र आम्हा सगळ्यांना नटवून फडके रोडला न्यायचा. गणपती मंदिर दहा मिनिटांवर, पण दर पावलाला कोणीतरी हाक मारणार आणि हा थांबणार. आम्ही दर्शन घेऊन, इडली खाऊन परत यायचो, तरी तो त्याच कोपऱ्यावर कुणाच्या तरी गृहकर्जाचा हप्ता तोंडी काढत उभा.

त्याचं एक मला खुपतं, ते इथे लिहिते. त्याने आयुष्यात कुणाशी वाईटपणा घेतला नाही. दहाएक वर्षांपूर्वी एका नव्या इमारतीचे फ्लॅट विकायला त्याला दुप्पट कमिशन देऊ केलं होतं. हा पालिकेत जाऊन नकाशा मंजूर आहे का बघून आला आणि “तब्येत बरी नाही” सांगून बाजूला झाला. आपल्या ओळखीच्यांना त्याने हळूच सावध केलं. पण ज्यांची ओळख नव्हती त्यांचं काय? पुढे महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची आणि एजंटांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण, आलं, आणि खोट्या परवानग्यांवर महारेराचे नंबर मिळवलेल्या डोंबिवलीतल्या 65 इमारतींची भानगड बाहेर पडली. नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या तेव्हा मी त्याला विचारलं, “मामा, तू तेव्हा मोठ्याने का नाही बोललास?” टीव्हीचा आवाज कमी करून तो म्हणाला, “मला इथंच राहायचं होतं गं.” भाड्याच्या घरांचंही तेच. मालकाने “अमुक लोक नकोत” म्हटलं की हा वाद न घालता दुसरा मालक शोधायचा. घर मिळायचं, पण पहिल्या मालकाला कोणी काही बोलायचं नाही. सगळ्यांचा लाडका असायला एवढी किंमत पडत असावी, आणि तिच्यातली थोडी तिसऱ्याच कुणीतरी भरलेली असते.

तरी तोच माणूस पासष्टाव्या वर्षी परीक्षेला बसला. 2023 मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली तेव्हा त्याच्या बरोबरीच्या काहींनी सरळ दुकान मुलाच्या नावावर केलं. मामा नातवाच्या टेबलावर बसून मराठीतल्या नोट्स पाठ करत होता. पास झाल्यावर पेढे वाटले, सर्टिफिकेट देवघराशेजारी लावलं आणि चाळीस वर्षं आपण काय काय चुकीचं करत होतो ते आम्हाला खुशीत समजावून सांगितलं.

त्याचा फोन मामीने बंद करू दिलेला नाही. आज दुपारी ताईने उचलला तर पलीकडून एक बाई, “काका गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं,” आणि श्वास घेऊन लगेच, “पण आमच्या डिपॉझिटचं तेवढं बघाल का?” मामाने मध्ये पडून ठरवलेलं प्रकरण. भाडेकरू घर सोडतोय, मालक रंगाचे म्हणून वीस हजार कापतो म्हणतो, भाडेकरू आठाच्या वर जायला तयार नाही. ताईला हसू आवरेना, मग रडू. मामी म्हणाली, “तुम्ही दोघी जाऊन या. बाराला तुटेल.” उद्या सात वाजता जायचंय. करारनामा वाचायला घेतलाय, पान तीनवर दुरुस्तीचं कलम आहे, त्यात रंगाचं काहीच लिहिलेलं नाही.